दिवा मालवून पाहायचे चित्रपट

मागच्या अंकात जुन्या रहस्यपटांवर आणि भयपटांवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर धुळे, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, भुसावळ अशा ठिकाणांहून अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. ज्या पत्रांतला प्रश्न सारखाच होता ती एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. मी चित्रपटांची अभ्यासक नाही. जळगावात ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता रात्रीची झाकपाक झाली की जुने चित्रपट लावून बसते, तेव्हा ही मते एका घरबसल्या प्रेक्षकाची आहेत असे समजूनच वाचावीत.

प्रश्न : माझा नातू पुण्याला शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आला असताना मी त्याला ‘बीस साल बाद’ आणि ‘वो कौन थी?’ हे चित्रपट मोठ्या हौसेने दाखवले. पहिल्या अर्ध्या तासात तो तीन वेळा हसला आणि मग मोबाइल पाहू लागला. तरुणपणी आम्ही हे चित्रपट पाहून खरोखर घाबरलो होतो. ताई, आमचे ते घाबरणे भाबडेपणाचे होते का? (निवृत्त शिक्षक, धुळे)

उत्तर : सर, अजिबात नाही. मात्र नातू नेमका कुठे हसला हे आपण लिहिलेले नाही आणि माझ्या मते सगळे उत्तर तिथेच आहे. विनोदी पात्रांच्या प्रवेशाला किंवा नायकाच्या लांबलचक संवादाला तो हसला असेल तर त्याचे काही चुकले नाही, कारण तिथे मीही हसते. पण ‘वो कौन थी?’च्या (१९६४) सुरुवातीच्या प्रसंगाला तो हसला असेल, तर त्याने तो प्रसंग पाहिलाच नाही असे मी म्हणेन. मुसळधार पावसाची रात्र आहे, डॉक्टर गाडी चालवत आहे आणि रस्त्यावर पांढऱ्या साडीतली एक स्त्री उभी आहे. ती गाडीत बसते आणि काचेवरचा वायपर बंद पडतो. बाहेरचे काहीच दिसेनासे होते, तरी ती शांतपणे रस्ता सांगत राहते. गाडी स्मशानाच्या फाटकापाशी थांबते आणि फाटक आपोआप उघडते. या सगळ्यात किंकाळी नाही, रक्त नाही, विद्रूप चेहरा नाही. भीती वाटते ती एका बंद पडलेल्या वायपरची, आणि वायपर बंद पडणे ही तर आपल्या कोणाच्याही गाडीत घडणारी गोष्ट आहे. राज खोसला यांच्या दिग्दर्शनाची ही हुशारी मला दर वेळी नव्याने जाणवते. छायाचित्रकार के. एच. कापडिया यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता, आणि साधनाच्या चेहऱ्याचा अर्धा भाग ज्या सहजतेने त्यांनी काळोखात ठेवला आहे तो पाहिला की तो पुरस्कार का मिळाला हे निराळे सांगावे लागत नाही.

या परंपरेचे मूळ मला ‘महल’मध्ये (१९४९) दिसते. त्याचे छायाचित्रण योसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराने केले होते. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर ते मुंबईच्या बॉम्बे टॉकीज या चित्रसंस्थेत आले आणि जर्मन मूकपटांच्या काळात मुरलेले सावल्यांचे तंत्र त्यांच्याबरोबर आपल्याकडे आले. या चित्रपटात भूत दिसण्याआधी ऐकू येते. ‘आएगा आनेवाला’ या गाण्याचा आवाज दुरून जवळ येत गेल्यासारखा वाटावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गात गात त्याच्याकडे चालत आल्या होत्या. ही आठवण त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेली आहे. आज हेच काम संगणकावर एका खटक्यात होते, पण ते ऐकताना पायांखालची जमीन जाणवत नाही. गंमत म्हणजे ‘महल’चे संकलन बिमल रॉय यांनी केले होते आणि नऊ वर्षांनी त्यांनीच ‘मधुमती’ काढला. त्यातही जुना वाडा आहे, पुनर्जन्म आहे, दुरून येणारा स्त्रीचा आवाज आहे. फरक एवढाच की ‘मधुमती’तले भूत खरेच भूत आहे.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काळातल्या बहुतेक हिंदी रहस्यपटांत भूत शेवटी माणूसच निघते आणि त्याच्यामागे इस्टेटीचा नाहीतर सुडाचा मामला असतो. माझी आजी दूरदर्शनवर असा एखादा चित्रपट पाहताना मध्यंतराच्या आधीच पदर सावरून म्हणायची, “हाई काय भूत शे? हाऊ ते मानूसच शे!” आणि तिचे म्हणणे दर वेळी खरे ठरायचे. तरीही पुढच्या आठवड्यात ती पहिल्या ओळीत बसलेली असायची. ‘बीस साल बाद’ (१९६२) ही ‘बास्करव्हिलचा कुत्रा’ या शेरलॉक होम्सच्या कथेवर बेतलेली गोष्ट आहे. मूळ कथेतही अलौकिक वाटणाऱ्या गोष्टीचा उलगडा तर्कानेच होतो. त्यामुळे शेवटी रहस्य उलगडते म्हणून हे चित्रपट कमअस्सल ठरत नाहीत. उलगडा घाईघाईत, शेवटच्या दहा मिनिटांत, एका पात्राच्या तोंडी लांबलचक निवेदन घालून उरकतात हा मात्र खरा दोष आहे आणि तो नातवाने काढला तर मान्य करावा. पुढच्या खेपेला त्याला रात्री दहानंतर बसवा, ट्यूबलाइट बंद करा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लावा. तरीही तो हसला तर मला पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : नवा मोठा टीव्ही घेतल्यापासून जुन्या चित्रपटांतली माणसे ठेंगणी आणि गोल चेहऱ्याची दिसतात, आणि चित्र एखाद्या मालिकेच्या चित्रीकरणासारखे गुळगुळीत वाटते. दोष चित्रपटाच्या प्रतीचा आहे की टीव्हीचा? (गृहिणी, अमळनेर)

उत्तर : दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या मांडणीचा असतो आणि तो पाच मिनिटांत दूर होतो. पन्नाशीच्या दशकापर्यंतच्या बहुसंख्य चित्रपटांची चौकट रुंदीला साधारण ४ आणि उंचीला ३ अशी असे. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचेही तेच प्रमाण होते. आजचा टीव्ही मात्र १६ ला ९ या प्रमाणाचा असतो. टीव्हीने ते जुने चित्र ताणून सगळा पडदा भरला की मधुबालासुद्धा ठेंगणी दिसणारच. रिमोटवरून चित्राच्या आकाराची सोय शोधून ती ४:३ वर किंवा मूळ आकारावर आणा. मग दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. माझ्या घरी या पट्ट्यांवरून आठ दिवस कुरकुर चालली होती, “एवढ्या पैशांचा टीव्ही आणि निम्मा रिकामा!” असे ऐकावे लागले, पण नवव्या दिवशी त्या कोणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत.

गुळगुळीतपणाचे कारण निराळे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला असतो. नवे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रे रचून घालतात आणि त्यामुळे हालचाल वाजवीपेक्षा सलग दिसते. क्रिकेट पाहताना ते चांगले वाटते, पण रहस्यपटाचा त्यामुळे सत्यानाश होतो. प्रत्येक कंपनीने या सोयीला निराळे नाव दिलेले असते, त्यात बहुधा ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ हा शब्द येतो, ती सोय बंद करावी. त्याबरोबरच दुकानात टीव्ही झगझगीत दिसावा म्हणून ठेवलेली भडक मांडणीही बदलावी. कृष्णधवल चित्रपटातला काळा रंग काळाच दिसला पाहिजे, राखाडी दिसता कामा नये.

प्रश्न : रामसे बंधूंचे चित्रपट चोरून पाहण्यात आमची पिढी वाढली. आज ते पुन्हा पाहावेत की आठवणीतच बरे? (व्यापारी, चाळीसगाव)

उत्तर : अर्धे पाहावेत, अर्धे आठवणीत ठेवावेत. हे उत्तर पळवाटेचे वाटेल म्हणून ‘पुराना मंदिर’ (१९८४) हेच उदाहरण घेते. सामरी नावाच्या दुष्टाचे डोके धडावेगळे करून पेटीत बंद केलेले आहे, धड देवळामागे पुरलेले आहे आणि ही दोन्ही एकत्र येता कामा नयेत, ही कल्पना आपल्या गावोगावच्या भुताखेताच्या गोष्टींइतकीच रांगडी आणि मजबूत आहे. सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवाल यांचा तो लांबोडका चेहरा आणि ती उंची यांना रंगभूषेची फारशी गरजही नव्हती. पेटी उघडेपर्यंतचा भाग मी आजही खिळून पाहते. पण मध्येच ‘शोले’ची नक्कल करणारे जगदीप यांचे विनोदी उपकथानक सुरू होते आणि ते इतका वेळ चालते की सामरीलाही कंटाळा आला असावा असे वाटते. तो भाग पुढे ढकलावा, त्यात पाप नाही.

रामसे मंडळींविषयी आदर वाटावा अशी एक गोष्ट मात्र आहे. हा सात भावांचा घरगुती कारखाना होता. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, कुमार पटकथा लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी पाहत. आपल्याकडे शेतीत जशी घरातली माणसे कामे वाटून घेतात तसाच हा प्रकार होता. भयपटाकडे ते वळले त्यामागेही एक निरीक्षण आहे. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हा त्यांचा चित्रपट चालला नाही, पण त्यात भयंकर मुखवटा घालून चोरी करण्याचा जो प्रसंग होता तेवढ्यापुरते लोक येत आणि निघून जात. ते पाहून त्यांनी अख्खा चित्रपट त्या एका प्रसंगाच्या जातीचा काढायचे ठरवले आणि ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) तयार झाला. गिऱ्हाईक कोणत्या मालापाशी थांबते हे त्यांनी गल्ल्यावर बसून ओळखले. आपण स्वतः व्यापारी आहात, तेव्हा या गोष्टीचे मोल माझ्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळेल.

राक्षस पूर्ण दाखवावा की नाही, हा खरा वादाचा मुद्दा आहे. माझे मत न दाखवण्याच्या बाजूचे आहे, पण एका रात्रीने त्याला तडा दिलेला आहे. लहानपणी मामाबरोबर मी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला गेले होते. घोड्यांच्या बाजाराच्या पलीकडे तंबूत ‘जानी दुश्मन’ (१९७९) लागला होता. तापीकाठची ती बोचरी थंडी, खाली अंथरलेले पोते, आणि वाऱ्याने पडदा सारखा हलत असलेला. लाल शालू नेसलेल्या नवरीवर झडप घालणारा तो केसाळ राक्षस पडद्यावर आला की वाऱ्याची झुळूक त्याच्या चेहऱ्यावरून सुरकुती नेत असे आणि तो खरोखर श्वास घेतो आहे असा भास होत असे. पुढे तोच चित्रपट घरी पाहिला तेव्हा राक्षसाच्या अंगावरचे केस चिकटवलेले आहेत हे स्पष्ट दिसले. त्या रात्री तंबूत जे पाहिले त्याचे निम्मे श्रेय राजकुमार कोहली यांचे आणि निम्मे तापीवरच्या वाऱ्याचे.

प्रश्न : ‘पाठलाग’ श्रेष्ठ की ‘मेरा साया’? आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत. (महाविद्यालयीन प्राध्यापिका, नंदुरबार)

उत्तर : माझे मत ‘पाठलाग’च्या पारड्यात. राजा परांजपे यांचा हा चित्रपट १९६४चा आणि त्यावरून राज खोसला यांनी केलेला ‘मेरा साया’ १९६६चा. दोन्हींत गोष्ट तीच आहे. ज्या पत्नीला स्वतःच्या हातांनी अग्नी दिला, तिच्याच चेहऱ्याची स्त्री न्यायालयात आरोपी म्हणून उभी राहते आणि मी तुमची पत्नीच आहे असे सांगते. हिंदीत उदयपूरचे तळे आहे, रंग आहेत, मदनमोहन यांचे संगीत आहे आणि दुहेरी भूमिकेत साधना आहे. हे सगळे मी आनंदाने पाहते. पण गोष्टीचा जीव पतीच्या मनातल्या संशयात आहे आणि त्या संशयाला रंगीत महालापेक्षा कृष्णधवल दिवाणखाना अधिक मानवतो. डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या डोळ्यांतली घालमेल आणि आशा भोसले यांच्या आवाजातले ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ या दोन गोष्टींवर मराठी चित्रपट तोलून धरलेला आहे. दत्ता डावजेकरांची ती चाल कुठेही भिववायला जात नाही, उलट ती अंगाईसारखी आहे आणि म्हणूनच गेलेल्या माणसाचा आवाज वाटते. दुसऱ्या तटातल्या मंडळींना ‘झुमका गिरा रे’ एवढा एकच मुद्दा असेल, तर तो मुद्दा गाण्याचा आहे, रहस्यपटाचा नाही.

याच ओघात ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) पुन्हा पाहावा असे सुचवते. सुधीर मोघे यांनी लिहिलेले आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेले ‘रात्रीस खेळ चाले’ हे गाणे सगळ्यांना पाठ असते, पण चित्रपट सलग पाहिलेले लोक मला फार थोडे भेटले.

प्रश्न : एका चित्रपटाचे नाव आठवत नाही. सहलीला निघालेले काही लोक निर्जन जागी अडकतात, एका बंगल्यात राहतात आणि एकेकाचा खून होत जातो. (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : ‘गुमनाम’, १९६५. दिग्दर्शक राजा नवाथे. गोष्टीचा साचा अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबरीचा आहे. मेहमूद यांचे ‘हम काले हैं तो क्या हुआ दिलवाले हैं’ याच चित्रपटातले आहे. आणि ‘जान पहचान हो’ या गाण्याचा तो बेभान नाच २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीला जसाच्या तसा वापरलेला आहे.

प्रश्न : दूरदर्शनच्या काळातल्या विज्ञानकथा आणि जादूच्या मालिका मुलांना दाखवल्या, तर त्यांना त्यातली अंतराळयाने खेळण्यातली वाटली. खरे सांगायचे तर मलाही वाटली. लहानपणी ती खोटी का वाटली नव्हती? (अभियंता, चाळीसगाव)

उत्तर : ती खेळण्यातलीच होती, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याच गावात छायाचित्रकार केकी मूस यांचे संग्रहालय आहे, मुलांना घेऊन तिथे अवश्य जावे. टेबलावर चिमुकल्या वस्तू मांडून विस्तीर्ण देखाव्याचा भास निर्माण करणारी छायाचित्रे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. ती पाहिली की वस्तू लहान असणे हा अडथळा नसतो हे कळते. प्रकाश एका दिशेने आणि हिशेबाने आला, कॅमेरा चिमुकल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आला आणि पुढचेमागचे सगळे स्पष्ट दिसले, तर डोळा फसतो. चलचित्रात आणखी एक अडचण येते. लहान नमुना लवकर हलतो, लवकर पडतो, त्यामुळे त्याचे वजन वाटत नाही. त्यासाठी कॅमेरा जास्त वेगाने चालवून हालचाल संथ करावी लागते. नमुना मूळ वस्तूच्या १/१६ असेल तर वेग साधारण ४ पट ठेवावा लागतो. फिल्मच्या कॅमेऱ्यावर हे जमते. आपल्या मालिका मात्र व्हिडिओवर, सेकंदाला २५ चित्रांच्या ठरलेल्या वेगाने चित्रित होत, म्हणून ‘स्पेस सिटी सिग्मा’तले यान दोरीला बांधलेल्या डब्यासारखे डुलते.

लहानपणी ते का खपले, याचे माझे उत्तर अँटेना हे आहे. धाब्याच्या घरावर अँटेना, वर भाऊ, खाली आम्ही. “आलं का?” “आलं, आलं... गेलं! मुंग्या आल्या!” त्या मुंग्यांच्या पलीकडे जे काही अंधुक दिसे, त्यातली दोरी दिसतच नसे. आज तीच मालिका स्वच्छ पडद्यावर पाहताना आपण तिला तिच्या काळापेक्षा कडक चाळणी लावतो.

मुलांना दाखवायचेच असेल तर यंत्रांपेक्षा माणसांवर उभ्या असलेल्या मालिका निवडाव्यात. ‘विक्रम और बेताल’ (१९८५) अजून टिकते, कारण तिथे जादू दुय्यम आहे आणि शेवटचा प्रश्न खरा आहे. सज्जन यांचा बेताल मुलांना आवडेलच. ‘करमचंद’मधली (१९८५) गुप्तहेर झालेल्या पंकज कपूर यांची गाजरे आणि मदतनीस किटीला दटावणे यांवर मुले हसतील, गुन्ह्याचा तपास मात्र त्यांना हलका वाटेल आणि तो आहेही हलका. बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्शी’ (१९९३) ही माझी सर्वांत आवडती मालिका. तिच्यात गुप्तहेर धावत नाही, बसून विचार करतो आणि रजित कपूर यांना तसे बसता येते. मराठीत बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची ‘एक शून्य शून्य’ होती. याच जोडीची ‘सीआयडी’ १९९८पासून घराघरांत पोहोचली, पण पोलीस चौकीतला थकवा आणि चहाचा कप मला जुन्या मालिकेत अधिक खरा वाटला होता.

प्रश्न : रहस्यपटाचा शेवट आधी सांगणाऱ्या पाहुण्यांचे काय करावे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, शहादा)

उत्तर : त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. पण याच संदर्भात माझ्या बाबतीत उलटे घडले आहे. १९८६च्या सुमारास एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ‘कानून’ लागला होता. बी. आर. चोप्रा यांचा हा १९६०चा चित्रपट, त्यात एकही गाणे नाही. आमच्या यावल तालुक्यातल्या घरात गल्लीतली पंचवीसेक माणसे दाटीवाटीने बसली होती. एका तरुण वकिलाने स्वतःच्या डोळ्यांनी खून होताना पाहिला आहे, खून करणारा माणूस हा त्याच्या होणाऱ्या पत्नीचा पिता आणि शहरातला न्यायाधीश आहे, आणि त्याच न्यायाधीशासमोर एका भलत्याच चोरावर खटला चालला आहे. अशोककुमार न्यायासनावर, राजेंद्रकुमार समोर, आणि उलगडा व्हायला दहा मिनिटे उरली असताना वीज गेली. ती रात्री बारापर्यंत आली नाही. कंदिलाच्या उजेडात सगळे एकमेकांची तोंडे पाहत बसले. तेवढ्यात शेजारचे काका म्हणाले की त्यांनी हा चित्रपट तरुणपणी जळगावच्या टॉकीजमध्ये पाहिला आहे, आणि त्यांनी शेवट सविस्तर सांगितला. खून वकिलानेच केला होता, न्यायाधीशाला पाहिल्याचा त्याला भ्रम झाला होता आणि भर न्यायालयात हे त्याच्या लक्षात येताच तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो, असा तो शेवट होता. ऐकून गल्ली सुन्न झाली.

बारा वर्षांनी ‘कानून’ची कॅसेट हाती आली तेव्हा कळले की काकांच्या गोष्टीतले एक अक्षरही चित्रपटात नाही. त्यांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता. खरा शेवट येथे सांगत नाही, आपण पाहावा. मला विचाराल तर काकांचा शेवट अधिक चांगला होता.